घरचा संगणक आणि त्याची राखण

लखनौ म्हटले की मराठी वाचकास पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. मुंबईच्या वाळकेश्वरात जन्मलेल्या आणि वकिलीचे शिक्षण घेतलेल्या ह्या गृहस्थांनी गावोगावच्या उस्तादांकडून चिजा मिळवल्या, त्यांचे स्वरलेखन केले आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. १९२६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने लखनौत मॅरिस कॉलेज सुरू झाले. आज कैसरबागेत तेच भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय म्हणून उभे आहे. ह्या उद्योगामागील विचार साधा होता. जी चीज एकाच्याच कंठात राहते, ती त्या कंठाबरोबरच नाहीशी होते.

हाच विचार आज मध्यमवर्गीय घरातील संगणकास तंतोतंत लागू पडतो. मुलांची छायाचित्रे, घराचे दस्तऐवज, वडिलांच्या औषधोपचाराचे कागद, निवृत्तिवेतनाचे हिशेब, कन्येचा अर्धवट प्रबंध असे सारे काही आता एका पातळ पेटीत राहते. पेटी बिघडली तर बाजारातून दुसरी आणता येते, पण आतील ऐवज बाजारात मिळत नाही. म्हणून संगणक चालवण्याइतकेच तो राखण्याचे शास्त्रही घरातील प्रत्येकास थोडेफार अवगत असावे.

तीन प्रती, दोन साधने, एक परगावी

जाणकारांनी ह्यासाठी एक सुटसुटीत नियम घालून दिला आहे. महत्त्वाच्या प्रत्येक फाइलच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. पहिली प्रत संगणकातच असते. दुसरी बाहेरून जोडण्याच्या हार्ड डिस्कवर घ्यावी. तिसरी इंटरनेटवरील साठवणीत ठेवावी, अथवा दुसऱ्या डिस्कवर घेऊन परगावच्या विश्वासू नातलगाकडे द्यावी. मुलगा लखनौस आणि आईवडील नागपुरास, अशी अनेक कुटुंबे आहेत. त्यांनी एकमेकांच्या प्रती सांभाळल्या तर दोन्ही घरांचे काम होईल.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना आहेत. बाहेरची डिस्क काम संपताच काढून कपाटात ठेवावी. ती सदैव जोडलेली राहिली तर विजेचा एकच धक्का अथवा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा एकच विषाणू मूळ आणि नक्कल दोहोंचा घास घेतो. दुसरे असे की, फोन व संगणक यांतील फाइली आपोआप सारख्या ठेवणारी सोय म्हणजे जतन नव्हे, कारण एका ठिकाणी पुसलेली फाइल दुसऱ्या ठिकाणीही पुसली जाते. शिवाय प्रत घेतली म्हणून निश्चिंत न राहता वर्षातून दोनदा तरी तीतील काही फाइली उघडून पाहाव्यात.

ऊन, धूळ आणि रजई

उत्तर हिंदुस्थानातील हवामान यंत्रास मानवणारे नाही. उन्हाळ्यात लू वाहते, धूळ घरभर पसरते, आणि विजेचा दाब कमीजास्त होत राहतो. टेबलावरच्या संगणकास यूपीएस अवश्य जोडावा. वीज गेल्यावर तासन्‌तास काम करीत बसण्यासाठी तो नसून, हातातील काम जतन करून यंत्र रीतसर बंद करण्यास लागणारी काही मिनिटे मिळावीत एवढाच त्याचा हेतू असतो. वादळाची चिन्हे दिसताच प्लग काढून ठेवणे अधिक चांगले.

हिवाळ्यात निराळाच धोका असतो. लखनौच्या थंडीत लॅपटॉप रजईवर ठेवून काम करण्याची सवय घरोघरी आढळते. लॅपटॉपच्या बुडाशी वा कडेस असलेल्या फटींतून आतील उष्णता बाहेर पडते. रजईने त्या बुजल्या की यंत्र तापते, मंदावते आणि कालांतराने बिघडते. खाली एखादी फळी किंवा मोठे पुस्तक ठेवले तरी हा प्रश्न सुटतो.

यंत्र दुरुस्तीस देण्यापूर्वी प्रत घ्यावी आणि बँकेची व ईमेलची खाती त्यातून बंद करावीत. जुना संगणक विकताना फाइली केवळ पुसणे पुरेसे नाही. पुसलेली फाइल बहुधा परत मिळवता येते. यंत्र मूळ स्थितीत आणण्याच्या सोयीतच सर्व माहिती पूर्ण साफ करण्याचा पर्याय असतो, तो वापरावा.

किल्ल्या आणि कुलपे

संगणकाची कार्यप्रणाली वेळोवेळी नूतन करण्याची सूचना पडद्यावर येते आणि आपण ती पुढे ढकलतो. वस्तुतः ह्या नूतनीकरणात नव्या सोयींपेक्षा सापडलेली भगदाडे बुजवण्याचे कामच अधिक असते. विंडोज १० ह्या प्रणालीची नियमित मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. ज्यांच्या घरी ती अजून आहे त्यांनी यंत्र पुढील प्रणालीस पात्र आहे की नाही हे पाहावे. नसल्यास निदान बँकेचे व्यवहार तरी त्यावर करू नयेत.

संकेतशब्द लांब असावा. परस्परांशी संबंध नसलेले चार शब्द जोडले तर तो ध्यानात राहतो आणि सहजासहजी ओळखता येत नाही. जन्मतारीख आणि मुलांची नावे टाळावीत. प्रत्येक खात्यास निराळा संकेतशब्द द्यावा. इतके शब्द लक्षात राहत नसतील तर ते वहीत लिहून वही कपाटात कुलपात ठेवण्यास हरकत नाही. एकच शब्द सर्वत्र वापरण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे. ईमेलच्या खात्यास दुहेरी पडताळणीची सोय अवश्य लावावी, कारण इतर बहुतेक खात्यांच्या किल्ल्या त्याच दारातून मिळतात.

आपली लिपी, आपला कळफलक

घरचे पत्र इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून पाठवण्याची आता काहीच गरज उरलेली नाही. १९८० च्या दशकात लखनौच्या शेजारी कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम झाले. त्यात मोहन तांबे यांचा वाटा महत्त्वाचा होता. ‘जिस्ट’ नावाने ओळखले जाणारे ते तंत्र पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेत वाढले. सरकारने प्रमाण मानलेला इन्स्क्रिप्ट कळफलक आज विंडोजमध्ये अंगभूत आहे. भाषेच्या मांडणीत जाऊन मराठी निवडली की झाले.

ह्या कळफलकात स्वर डाव्या हाताशी आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताशी आहेत. ‘क’ च्या कळीवर शिफ्ट दाबले की ‘ख’ येतो, ‘ल’ च्या कळीवर आपला ‘ळ’ येतो. ‘वाऱ्यावर’ मधील ‘ऱ्य’ हवा असेल तर ‘र’ ची कळ शिफ्टसह दाबावी, मग हलन्त आणि मग ‘य’. रोज अर्धा तास सराव केला तर काही आठवड्यांत हात बसतो. जुन्या धाटणीच्या फाँटमध्ये लिहिलेला मजकूर तो फाँट नसलेल्या यंत्रावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. म्हणून आता जे लिहाल ते युनिकोडमध्येच लिहा, म्हणजे नातवंडांनाही ते वाचता येईल.

भीतीचा व्यापार

सर्वांत मोठा धोका मात्र यंत्राच्या बिघाडाचा नाही. मे २०२४ मध्ये लखनौतील एका महिला डॉक्टरांना फोन आला. बोलणाऱ्याने आपण सीमाशुल्क खात्याचे अधिकारी असल्याचे भासवले, पार्सलमध्ये आक्षेपार्ह वस्तू सापडल्याचे सांगितले आणि पुढे तपास यंत्रणेच्या नावाने त्यांना कित्येक दिवस ‘डिजिटल अटके’त ठेवून ८५ लाख रुपये उकळले. जुलै २०२५ मध्ये लखनौच्या न्यायालयाने ह्या प्रकरणी एका आरोपीस सात वर्षांची शिक्षा दिली.

उच्चशिक्षित व्यक्तीही फसते, कारण भामटे तिच्या अज्ञानावर नव्हे, तर अब्रूच्या भीतीवर घाला घालतात. ‘हे कोणास सांगू नका’ हे त्यांचे पहिले वाक्य असते, आणि तेच त्यांना ओळखण्याची खूणही होय. व्हिडिओ कॉलवरून अटक करण्याची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. खरा पोलीस अथवा न्यायाधीश फोनवरून पैसे मागत नाही. असा फोन आल्यास तो बंद करावा आणि लगेच घरातील दुसऱ्या माणसास सांगावे. पैसे गेलेच असतील तर विनाविलंब १९३० ह्या क्रमांकावर कळवावे. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात पळण्यापूर्वी गोठवता येणे हे वेळेवर अवलंबून असते.

ह्यासाठी घरात एक पद्धत पाडावी. कोणीही, कितीही घाईचे काम सांगून पैसे मागितले, तरी कुटुंबातील एकास विचारल्याखेरीज एक रुपयाही पाठवायचा नाही. फसलेल्या माणसास घरच्यांनी दोष देऊ नये, कारण बोलणी बसतील ह्या धाकानेच अनेक वृद्ध मंडळी तोंड मिटून राहतात आणि दुसरा हप्ताही भरून बसतात.

महिन्यातील एखाद्या रविवारी तासभर ह्या कामास द्यावा. प्रत घ्यावी, नूतनीकरण पूर्ण करावे आणि आजीआजोबांना १९३० हा क्रमांक पाठ आहे की नाही हे विचारावे. ह्या कामी मुलांनाही सोबत घ्यावे. संगणक वापरण्यात ती वडीलधाऱ्यांच्या पुढे असतात, आणि राखण करण्याची सवय त्यांना ह्याच वयात लागू शकते.