जिना मोकळा हवा

मंचर, नारायणगाव, आळेफाट्याला आता चार-पाच मजली इमारती सर्रास दिसतात. एवढ्याशा उंचीला आगीची कसली भीती, असं कुणी म्हणेल. पण ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गोरेगावच्या ‘जय भवानी’ इमारतीत आग भडकली ती तळाच्या पार्किंगमध्ये. ती इमारतही काही गगनचुंबी नव्हती, तरी किमान सात जीव गेले. गरम धूर हलका असतो. जिना आणि लिफ्टचा उभा पोकळ भाग त्याला धुराड्यासारखा वर ओढतो. म्हणून आगीत लिफ्टकडे धावू नये: वीज गेली की ती मध्येच अडकते आणि आत धूर भरतो. उरतो जिना, आणि नेमक्या त्याच जिन्याखाली आपण दुचाक्या लावतो, चार्जिंगची वायर सोडतो, वरच्या वळणावर जुनं कपाट ठेवतो.

अग्निशमन यंत्रणा बसवलेल्या इमारतींना २००६ च्या राज्य कायद्यानुसार जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून ती चालू असल्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. लिफ्टची तपासणी वेगळी. छोट्या सोसायटीला हा खर्च जड जातो, ही तक्रार खरीच आहे. पण कपाट हलवायला, गच्चीच्या दाराचं कुलूप काढायला पैसे लागत नाहीत. तेवढं याच रविवारी करता येईल.