नवं गाणं, नवा सिनेमा शुक्रवारीच का येतो? चाहत्यांच्या पहिल्या तीन दिवसांवर एवढं काय अवलंबून असतं?

१९ एप्रिल २०२४, शुक्रवार. लोकसभा निवडणुकीच्या पहिल्या टप्प्याचं मतदान. महाराष्ट्रात नागपूर, रामटेक, भंडारा-गोंदिया, गडचिरोली-चिमूर आणि चंद्रपूर या पाच मतदारसंघांत सकाळपासून रांगा लागल्या होत्या. त्याच दिवशी सकाळी साडेनऊ वाजता टेलर स्विफ्टचा 'द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट' हा अल्बम जगभर एकाच क्षणी खुला झाला. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा मध्यरात्रीचे बारा वाजले होते. नागपुरातल्या एखाद्या चाहतीने मतदानाला जाण्याआधी १६ गाण्यांचा तो अल्बम ऐकून संपवला असेल, तर ती परत येईपर्यंत तिच्या फोनवर आणखी १५ गाणी येऊन पडलेली होती. ही दुसरी खेप साडेअकराला आली, कुठलीही पूर्वकल्पना न देता.

संध्याकाळी थिएटरमध्ये जायचं म्हटलं, तर 'लव्ह सेक्स और धोखा २' आणि 'दो और दो प्यार' हे दोन हिंदी सिनेमेही त्याच दिवशी लागलेले.

नव्या गाण्यांची आणि सिनेमांची आवड असणाऱ्यांना शुक्रवारची ही गर्दी सवयीची आहे. गुरुवारी रात्री तिकीट बुक करायचं, शुक्रवारी सकाळी प्लेलिस्ट उघडायची, सोमवारी ऑफिस किंवा कॉलेजमध्ये कुणी शेवट सांगून टाकायच्या आत बघून मोकळं व्हायचं. पण सगळं एकाच वारी का? आणि या चाहत्याने तोच सिनेमा शुक्रवारऐवजी तीन आठवड्यांनी पाहिला, तर कुणाचं काय बिघडतं?

बिघडतं. किती, ते पुढे रुपयांत पाहू.

संगीताचा शुक्रवार अगदी अलीकडचा

गाण्यांचा शुक्रवार हा जुना रिवाज वाटत असला, तरी तो २०१५ मध्ये ठरवून आणला गेला. त्याआधी प्रत्येक देशाचा वार वेगळा होता. ब्रिटनमध्ये नवे अल्बम सोमवारी यायचे, अमेरिकेत मंगळवारी, जर्मनी आणि ऑस्ट्रेलियात शुक्रवारी. सीडी ट्रकमधून दुकानात जायची तोवर हे चालून गेलं. इंटरनेट आल्यावर मात्र ऑस्ट्रेलियात शुक्रवारी आलेला अल्बम अमेरिकेतल्या चाहत्याला मंगळवारपर्यंत ऐकायला मिळणार नाही, हे त्याला पटवणं अशक्य झालं. तो चोरीची फाइल शोधायचा आणि त्याला ती सापडायचीही.

डिसेंबर २०१३ मध्ये बियॉन्सेने कुठलीही जाहिरात न करता आपला अल्बम एका रात्रीत जगभर आयट्यून्सवर टाकला. तो दिवस शुक्रवार होता. पुढे रेकॉर्ड कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे आयएफपीआयने, १० जुलै २०१५ पासून ४५हून अधिक देशांसाठी शुक्रवार हा एकच दिवस ठरवला. अमेरिकेतल्या 'बिलबोर्ड'ने क्रमवारीसाठीचा आठवडाही बदलून शुक्रवार ते गुरुवार असा केला. जपान मात्र या रांगेत आला नाही. तिथे बुधवारचा रिवाज चालूच राहिला.

या निर्णयाला तेव्हा विरोधही झाला होता. काही स्वतंत्र लेबलांचं म्हणणं होतं, की सगळ्या जगाचं लक्ष एकाच दिवशी एकवटलं तर ते मोठ्या नावांकडेच जाईल आणि लहान कलाकार त्या गर्दीत दिसणारही नाहीत. ही भीती अनाठायी नव्हती. क्रमवारीचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो, त्यामुळे पहिल्या दिवशी ऐकलेलं गाणं पूर्ण सात दिवस मोजलं जातं. हे चाहत्यांना ठाऊक असतं. म्हणून ते एकत्र ठरवून गाणं पुन्हा पुन्हा वाजवतात, आणि एकाच अल्बमच्या वेगवेगळ्या मुखपृष्ठांच्या प्रती विकत घेतात. कंपन्यांनी याचा इतका फायदा घेतला, की टी-शर्टसोबत अल्बम जोडून विकण्याच्या प्रकारावर २०२० मध्ये 'बिलबोर्ड'ला नियम कडक करावे लागले. वर उल्लेख केलेल्या टेलर स्विफ्टच्या अल्बमची अमेरिकेतली पहिल्या आठवड्याची मोजणी २६ लाख युनिटच्या वर गेली. त्यात विक्री आणि स्ट्रीमिंग दोन्ही धरलेलं असतं.

सिनेमाचा शुक्रवार 'मुघल-ए-आझम'पासून?

सिनेमाच्या शुक्रवारची एक गोष्ट दरवर्षी कुठेतरी फिरत असते: ५ ऑगस्ट १९६० ला 'मुघल-ए-आझम' शुक्रवारी लागला, तुफान चालला, आणि तेव्हापासून प्रथा पडली. यातला पहिला भाग खरा आहे. पण त्याच्या तीन वर्षं आधीचा 'मदर इंडिया'सुद्धा शुक्रवारीच, २५ ऑक्टोबर १९५७ ला लागला होता. त्यामुळे प्रथेचं सगळं श्रेय अकबर-सलीमला देता येत नाही.

त्याहून मागे गेलं तर वेगळाच वार दिसतो. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये सर्वसामान्यांसाठी लागला. तो शनिवार होता. १४ मार्च १९३१ ला मॅजेस्टिकमध्ये आलेला पहिला बोलपट 'आलम आरा', तोही शनिवारीच. शुक्रवार हा लक्ष्मीचा वार म्हणून निर्मात्यांना शुभ वाटतो, असंही सांगितलं जातं. खरं कारण बहुधा इतकं गूढ नाही. शनिवार-रविवारच्या सुट्टीआधी एक दिवस सिनेमा लागला, की बघून आलेले लोक बाकीच्यांना सांगतात आणि सुट्टीत थिएटर भरतं.

सण आला की हा नियम मोडतो. 'सुलतान' २०१६ च्या ईदला बुधवारी आला, 'पठाण' २०२३ मध्ये प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, बुधवारीच. दक्षिणेत गुरुवारी मोठे सिनेमे लागणं नवं नाही. हेतू मात्र सगळीकडे एकच, पहिला विकेंड लांबवायचा.

३०० रुपयांच्या तिकिटाचं पुढे काय होतं?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. २००९ च्या एप्रिलपासून सुमारे दोन महिने हिंदी निर्मात्यांनी मल्टिप्लेक्सना नवे सिनेमे दिलेच नव्हते. भांडण तिकिटाच्या पैशांच्या वाटणीवरून होतं. जूनमध्ये तडजोड झाली आणि एक सूत्र ठरलं. वितरकाचा, म्हणजे पर्यायाने निर्मात्याच्या बाजूचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि चौथ्यापासून पुढे ३० टक्के. करारागणिक टक्के बदलू शकतात, पण दर आठवड्याला उतरत जाणारी ही पायरी कायम आहे.

समजा, तिकीट ३०० रुपयांचं आहे. शंभर रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी लागतो. तो वजा केला तर साधारण २५४ रुपये उरतात. तुम्ही पहिल्या आठवड्यात गेलात, तर त्यातले १२७ रुपये सिनेमावाल्यांकडे जातात. दुसऱ्या आठवड्यात १०८, तिसऱ्यात ९५. चौथ्या आठवड्यात गेलात तर ७६. सिनेमा तोच, खुर्ची तीच, खिशातून गेलेले पैसेही तेवढेच. फक्त तुम्ही कधी गेलात यावरून सिनेमावाल्यांच्या हाती येणाऱ्या रकमेत ५१ रुपयांचा फरक पडतो.

पण वाटा कमी होणं हा लहान सिनेमाचा खरा घोर नाहीच. चौथा आठवडा बघायला मिळणं हीच त्याच्यासाठी चैन आहे. थिएटरचं वेळापत्रक शुक्रवार ते गुरुवार असं चालतं. पहिल्या शुक्रवार-शनिवार-रविवारचे आकडे हातात आले, सोमवारी गर्दी किती टिकली हे कळलं, की पुढच्या शुक्रवारी कुणाला किती शो द्यायचे याचा हिशेब सुरू होतो. ज्याचे शो रिकामे गेले, त्याचा संध्याकाळचा शो सकाळी दहावर सरकतो किंवा बंदच होतो. मग "बघायचा होता, पण शोच नव्हता" असं प्रेक्षक म्हणतो आणि "प्रेक्षकच नव्हता" असं थिएटर म्हणतं. दोघंही खोटं बोलत नसतात.

मराठी सिनेमाला हे दुखणं जुनं आहे. १९७१ मध्ये दादा कोंडके यांच्या 'सोंगाड्या'ला दादरच्या कोहिनूर थिएटरमध्ये जागा मिळावी म्हणून शिवसेना उतरली होती. २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमासाठी प्राइम टाइमचा शो ठेवायला सांगितलं, आणि बराच वाद झाल्यावर त्या प्राइम टाइमची व्याख्या दुपारी १२ ते रात्री ९ अशी ऐसपैस झाली. दुपारी साडेबाराच्या शोला नोकरदार माणूस कसा येणार, हे कोडं त्यामुळे सुटलं नाही.

मग 'शोले'चं काय झालं असतं?

१५ ऑगस्ट १९७५, हाही शुक्रवारच. 'शोले' लागला, आणि सुरुवातीच्या दिवसांत तो पडला असंच व्यवसायातल्या अनेकांना वाटत होतं. परीक्षणं थंड होती. अमिताभ बच्चन यांचं पात्र जिवंत ठेवून शेवट बदलावा का, इथपर्यंत विचार झाला होता. तो बदल झाला नाही. लोक एकमेकांना सांगत गेले, संवादांची रेकॉर्ड निघाली तीही खपली, आणि मुंबईच्या मिनर्व्हात हा सिनेमा पाच वर्षं चालला.

'शोले'ला मिळालेला तो वेळ आजच्या सिनेमाला मिळत नाही. पहिल्या सोमवारी निकाल लावायचा म्हटलं असतं, तर गब्बरला पुढचा शुक्रवारही कदाचित दिसला नसता.

तरीही कधीतरी हे गणित चुकतं, आणि तेव्हा ते चाहत्यांमुळेच चुकतं. ३० जून २०२३ ला लागलेल्या 'बाईपण भारी देवा'ची दुसऱ्या विकेंडची कमाई पहिल्यापेक्षा जास्त होती. सहसा हा आकडा खाली येतो. बायका मैत्रिणींना, जावांना, सासूला घेऊन गटागटाने येत होत्या. हा प्रेक्षक गुरुवारी रात्री ॲप उघडून बसणारा नव्हता. कुणीतरी बघून आलं, त्याने घरी सांगितलं, आणि मग चारचौघींनी दिवस ठरवला. पहिल्या तीन दिवसांच्या मोजणीत असा प्रेक्षक दिसतच नाही. यावेळी सिनेमा थिएटरात तेवढा टिकला, म्हणून तो दिसला. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला आलेला 'ट्वेल्थ फेल'सुद्धा असाच हळू सुरू होऊन लांब चालला.

ज्या चाहत्याला फक्त सिनेमा बघायचा आहे, त्याने थांबलेलं बरं पडतं. आठवड्याच्या मधल्या दिवसांत तिकीट अनेकदा स्वस्त असतं. शिवाय मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांच्या आग्रहामुळे हिंदी सिनेमा सहसा आठ आठवड्यांनी ओटीटीवर येतो. मोठ्या हिरोच्या सिनेमाला तुमच्या थांबण्याने फारसा फरक पडत नाही, त्याची मांडणीच तीन-चार हजार पडद्यांची असते. पण दिवसाला दोनच शो मिळालेल्या मराठी सिनेमाच्या बाबतीत शनिवारी भरलेल्या दहा खुर्च्याही पुढच्या आठवड्याच्या हिशेबात धरल्या जातात.

राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' १२ ऑक्टोबर २०१८ ला लागला, तेव्हा तो जेमतेम चालला. नंतरच्या काही वर्षांत लोकांनी तो मोबाइलवर, लॅपटॉपवर, घरच्या टीव्हीवर पाहिला आणि थिएटरात चुकल्याची हळहळ करत राहिले. १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा थिएटरात आणला गेला. त्या फेरीत त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. तोही दिवस शुक्रवारच होता.