घरचा संगणक बंद होत नाहीं तेव्हां



भारनियमनाच्या वर्षांनीं नांदेड-लातूरकडील घरांस एक संवय लावली. वीज आपणांस न विचारतां जाते. आपणही पंखा नि दिवा भिंतीवरचें बटण दाबून, कोणास न विचारतां बंद करतों. हाच नियम आपण संगणकास लावतों, आणि तेथें चुकतों. 'शट डाउन' म्हटल्यावर पडद्यावरचें लहान वर्तुळ पांच मिनिटें फिरत राहिलें, कीं हात बोर्डाकडे जातो. तो हात क्षणभर आवरावा, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

लातूरच्या अडतींत सायंकाळीं मुनीम दिवसभराचीं कच्चीं टिपणें कीर्दींत उतरवितो. मगच दुकानास कुलूप लागतें. संगणकाचेंही तसेंच आहे. त्याची तात्पुरती स्मृति वीज जातांच कोरी होते. टिकाऊ नोंद राहते ती डिस्कवर. बंद होण्याची आज्ञा मिळतांच विंडोज प्रत्येक उघड्या प्रोग्रॅमला आवरावयास सांगते, राहिलेली नोंद डिस्कवर लिहिते, आणि शेवटीं वीज तोडण्याचा संकेत देते. १९९५ सालीं एटीएक्स नांवाची रचना निघाली. त्यापूर्वीच्या घरगुती यंत्रांत हें शेवटचें काम माणसासच करावें लागे. आतां यंत्र स्वतःच तें करतें. म्हणून तें बंद होत नसेल, तर बहुधा तें कोणाची तरी वाट पाहत असतें. ती कोणाची, हें शोधावें.

पडद्यावर एखाद्या प्रोग्रॅमचें नांव दिसत असल्यास 'कॅन्सल' म्हणून मागें यावें, काम 'सेव्ह' करावें आणि तो प्रोग्रॅम बंद करावा. 'अपडेट' चालू असल्याची सूचना असेल, तर तास लागला तरी थांबावें. अर्ध्यांतच वीज तोडल्यास यंत्र पुन्हां सुरूच न होण्याचा धोका असतो. दोष वारंवार येत असल्यास प्रिंटर, पेन ड्राइव्ह, डोंगल हीं एकेक काढून पाहावीं.

पडदा काळा झाला, परंतु पंखा फिरतोच आहे, असें झाल्यास संशय 'फास्ट स्टार्टअप'वर घ्यावा. २०१२ च्या विंडोज ८ पासून आलेली ही सोय लवकर सुरू होतां यावें म्हणून स्मृतीचा कांहीं भाग डिस्कवर राखून ठेवते; एखाद्या ड्रायव्हरला तें मानवत नाहीं. पुढच्या वेळीं शिफ्टची कळ दाबून धरून 'शट डाउन' करावें. यंत्र नीट बंद झालें, तर कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्यें जाऊन ही सोय काढून टाकावी. न झालें, तर यंत्राच्या कारखानदाराच्या संकेतस्थळावरून नवे ड्रायव्हर घ्यावे.

सर्व उपाय थकले, आणि डिस्कचा दिवाही लुकलुकत नसेल, तरच यंत्राचें बटण चार-पांच सेकंद, कांहीं यंत्रांत दहा सेकंद, दाबून धरावें. हा उपाय जबरदस्तीचा आहे. त्यानंतर सुरू होतांना यंत्र डिस्क तपासूं लागल्यास तें काम पुरें होऊं द्यावें.

इन्व्हर्टरनें दिलेलीं मिनिटेंही काम वाढविण्यासाठीं नसून आवरण्यासाठीं आहेत. मुलाचा अर्धा भरलेला प्रवेश-अर्ज किंवा वर्षभराचा हिशेब त्या यंत्रांत असतो. मुनिमाच्या हातांत लेखणी असतांना दुकानाचा दिवा कोणी मालवीत नाहीं.