अभ्यासात लक्ष नसलेले मूल आणि रक्तातले लोह

चुनखडीच्या जमिनीतला ऊस पाहिला नाही असा शेतकरी आपल्या भागात विरळा. लावण चांगली उगवते आणि मग कोवळी पाने हळूहळू पिवळी, पुढे पांढरटच पडू लागतात. उसावर केवडा पडला असे आपण म्हणतो. अशा वेळी उसाला कोणी आळशी म्हणत नाही. जमिनीत लोह नसते असेही नाही. चुनखडीमुळे ते अडकून बसते, मुळांना मिळत नाही. हे ठाऊक असल्यामुळे आपण फेरस सल्फेटची फवारणी करतो, शेणखतात मिसळून देतो, आणि काही दिवसांनी पुन्हा बांधावर जाऊन पाने पाहतो.

घरातल्या मुलाच्या बाबतीत मात्र आपली एवढी सबुरी टिकत नाही. पोर वर्गात खिडकीबाहेर पाहत बसते, पाटी-दप्तर विसरून येते, सांगितलेले काम अर्ध्यावर टाकते. रविवारी मिस्साच्या वेळी बाकावर दहा मिनिटे बसत नाही आणि पुढच्या रांगेतल्या बाया वळून वळून आईकडे पाहतात. मग मास्तर छडी घेतात, बाप घरी पट्टा काढतो. असे एखादे मूल प्रत्येक वाडीत असते. त्याच्या शरीरात काही उणे आहे काय, हे पाहण्याचे मात्र क्वचितच कोणाला सुचते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. लक्ष न लागणे आणि अतिचंचलपणा यांचा एक खरा विकार आहे. डॉक्टर त्याला एडीएचडी म्हणतात. शंभरातल्या सुमारे ५ मुलांत तो आढळतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून त्याचा बराच मोठा भाग वंशातून येतो असे दिसून आले आहे. आईबापांच्या लाडाने तो होत नाही आणि माराने जात नाही. बारा वर्षांच्या आत सुरुवात, सहा महिन्यांहून अधिक काळ तीच लक्षणे, आणि ती शाळेत व घरी अशा किमान दोन ठिकाणी दिसणे, एवढे जुळल्याशिवाय डॉक्टर हे नाव देत नाहीत. पण हुबेहूब तशीच लक्षणे दुसऱ्या कारणांनीही दिसू शकतात, आणि खरा विकार असला तरी शरीरातल्या उणिवेने तो आणखी बळावतो. आमचा आजचा विषय तोच आहे.

मुलाचा मेंदू फार खादाड असतो. मोठ्या माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, पण शक्तीचा पाचवा हिस्सा घेतो. पाच वर्षांच्या सुमारास तर मुलाच्या दिवसभराच्या शक्तीपैकी ४० टक्क्यांहून अधिक एकटा मेंदू खातो. चहात बिस्किट बुडवून शाळेला गेलेले पोर अकरा वाजता जांभया देते, यात नवल ते काय? मोटार उत्तम असली तरी व्होल्टेज कमी असले की पाणी चढत नाही.

आता लोहाकडे येऊ. रक्त लाल करणे एवढेच लोहाचे काम, असे आपण शाळेत शिकलो. पण मेंदूत डोपामीन नावाचा एक रस तयार होतो. एखाद्या कामावर मन धरून ठेवण्यात त्याचा मोठा वाटा असतो आणि तो तयार होण्याच्या क्रियेला लोह लागते. फ्रान्समध्ये २००४ साली एडीएचडी असलेली ५३ मुले व इतर २७ मुले यांचे रक्त तपासण्यात आले. पहिल्या गटातल्या ८४ टक्के मुलांत लोहाचा साठा कमी निघाला, दुसऱ्या गटात १८ टक्के. पुढच्या अभ्यासांतून एवढा मोठा फरक सगळीकडे दिसला नाही, तेव्हा लोह कमी म्हणूनच हा विकार होतो असे कोणी म्हणू नये. पण कोस्टारिका देशातला एक अभ्यास आम्हाला अधिक विचार करायला लावतो. तान्हेपणी लोहाची तीव्र व दीर्घ कमतरता असलेल्या मुलांना तेव्हाच औषध देऊन बरे केले होते. दहा वर्षांहून अधिक काळानंतर त्यांना पुन्हा तपासले, तेव्हाही ती अभ्यासात मागे होती आणि लक्ष न लागण्याची तक्रार त्यांच्यात अधिक होती. हा निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला. म्हणजे काळजी घ्यायची ती मूल शाळेत जाण्यापूर्वी, किंबहुना आईच्या गरोदरपणापासून. आपल्या देशात २०१९ ते २०२१ च्या पाहणीत पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ६७ टक्के मुले रक्तक्षयी आढळली, हे वाचून आम्ही चकित झालो नाही, खिन्न मात्र झालो.

चुनखडीत लोह अडकते तसेच ते ताटातही अडकते. जेवणाबरोबर किंवा जेवणावर लगेच चहा घेतला की धान्य-भाजीतले लोह शरीराला नीट मिळत नाही. लहान मुलांना चहा नकोच. मोठ्यांनीही जेवणानंतर तासभर थांबावे. उलट लिंबाची फोड, आवळा किंवा परसातला पेरू जेवणाबरोबर असला की तेच लोह अधिक शोषले जाते. चवळी, हुलगा, हरभरे, राजगिऱ्याची भाजी, तीळ, अळीव हे सारे आपल्याकडचेच जिन्नस आहेत. जे मांसाहार करतात त्यांनी कलेजी व मटणाचा एखादा तुकडा मुलाच्या ताटात आधी वाढावा. ते लोह सर्वांत सहज अंगी लागते आणि सोबतच्या भाजीतले लोहही पचवते. बऱ्याच घरी चांगले तुकडे कर्त्या पुरुषाला आणि मुलांना रस्सा, अशी वाटणी असते. ती बदलायला खर्च येत नाही. ॲल्युमिनियमची कढई बाजूला ठेवून जुनी लोखंडी कढई पुन्हा चुलीवर चढवली तरी फायदा आहे. गुळात थोडेफार लोह असते हे खरे, पण गूळ मुख्यतः साखरच. त्याच्या भरवशावर राहू नये.

साखरेचा विषय निघालाच आहे. गोड खाल्ल्याने पोर उधळते असे पुष्कळ आयांना वाटते. आम्ही ऊस पिकवणाऱ्यांची बाजू घेतो असे कोणी समजू नये, पण हे खरे ठरलेले नाही. १९९५ साली अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा साखरेने मुलांच्या वागण्यावर वा आकलनावर परिणाम दिसला नाही. त्याआधी १९९४ साली एक गमतीदार प्रयोग झाला. ५ ते ७ वर्षांच्या मुलग्यांना साखर नसलेले गोड पेय दिले, आणि काही आयांना सांगितले की तुमच्या मुलाला साखर दिली आहे. त्याच आयांना आपले मूल अधिक चंचल वाटले! रंगीत मिठाया व सरबतांची गोष्ट थोडी निराळी. इंग्लंडमध्ये २००७ साली कृत्रिम रंग व सोडियम बेन्झोएट दिल्यावर मुलांच्या चंचलपणात थोडी वाढ आढळली, आणि २०१० पासून युरोपात अशा काही रंगांच्या वेष्टनावर तशी सूचना छापावी लागते. जत्रेत दिसणारे भडक रंगाचे गोळे आम्ही तरी मुलांना घेऊन देणार नाही.

साखरेचा खरा तोटा वजनावाटे होतो. २०१६ साली अनेक देशांतले अभ्यास एकत्र पाहिले असता, एडीएचडी असलेल्या मुलांत स्थूलपणा इतर मुलांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी आणि मोठ्यांत सुमारे ७० टक्क्यांनी अधिक आढळला. ज्यांच्यावर औषधोपचार चालू होते त्यांच्यात हा फरक दिसला नाही. मन आवरत नाही त्याला हातही आवरत नाही, म्हणून असे मूल खाते जास्त, झोपते कमी. वजन वाढले की रात्री घोरते, झोपेत श्वास अडखळतो आणि दिवसा लक्ष आणखी कमी लागते. घोरण्याचे कारण सुजलेले टॉन्सिलही असू शकते. ते वेळीच दाखवावे.

याखेरीज थायरॉइडचे दोष, जंत, कमी ऐकू येणे, दूरचा फळा न दिसणे ही कारणे आहेतच. मूल बोलता बोलता काही क्षण एकटक थिजून राहत असेल तर ती फेफऱ्याची एक जात असू शकते. अशा मुलाला ओरडण्यात काही अर्थ नसतो.

तेव्हा पहिली पायरी साधी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात मुलाचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. ५ ते ११ वर्षांच्या मुलात ते ११.५ च्या खाली नसावे. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा रिता असू शकतो. त्यासाठी फेरिटिन नावाची वेगळी तपासणी आहे, ती मोठ्या दवाखान्यात होते. शाळेत ५ ते ९ वर्षांच्या मुलांना गुलाबी आणि १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना निळी लोहाची गोळी आठवड्यातून एकदा मिळते, शिवाय जंतांचीही गोळी मिळते. ‘कडू लागते’ म्हणून त्या खिशातून परत येतात आणि कोंबड्यांपुढे पडतात, असे आम्ही पाहिले आहे. रक्त भरून येऊनही सहा महिन्यांत मूल तसेच राहिले, तर जिल्हा रुग्णालयात बालरोग वा मानसरोग तज्ज्ञांना दाखवण्यात कमीपणा मानू नये. औषध लागले तर त्याने भूक मंदावते, म्हणून वजन-उंची पाहत राहावी लागते. हे तज्ज्ञ सांगतातच.

लोहाचा पूर्ण उपचार मात्र मनानेच सुरू करू नये. काही घराण्यांत थॅलसेमियासारखा रक्तदोष असतो आणि तिथे लोह देणे अपायकारक ठरते. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते आणि हिमोग्लोबिन भरल्यावरही साठ्यासाठी दोन-तीन महिने औषध चालू ठेवावे लागते. त्या काळात शौचाला काळे होते, घाबरू नये. गोळ्यांची बाटली उंच फळीवर किंवा कुलपात ठेवावी, कारण गोळ्या समजून मूठभर खाल्लेले लोह लहान मुलाच्या जिवावर बेतते. शेतासाठी आणलेली फेरस सल्फेटची पिशवीही स्वयंपाकघराच्या आसपास नको.