घरीं रोगी नाहीं म्हणून

पल्स पोलिओच्या एका रविवारीं भाईंदर स्थानकाबाहेर लसीकरणाच्या टेबलापाशीं चाललेला संवाद आमच्या कानीं पडला. कडेवर मूल घेतलेल्या एक सुशिक्षित बाई म्हणत होत्या, "आमच्या बाळाला डॉक्टरांकडे सगळ्या लशी दिल्या आहेत, सिस्टर. आणि आतां पोलिओ आहे तरी कुठें?" परिचारिका "तरी दोन थेंब देऊं या, ताई" एवढेंच म्हणाली. मागें रांग खोळंबली होती. बाई निघून गेल्या. त्यांचा प्रश्न वेडगळ मुळींच नव्हता. त्याचें उत्तर मात्र राहून गेलें.

हिंदुस्थानांत ही मोहीम 1995 सालीं सुरू झाली. नैसर्गिक विषाणूचा अखेरचा रोगी म्हणजे 13 जानेवारी 2011 रोजीं पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यांत आजारी पडलेली एक बालिका. आणि 27 मार्च 2014 रोजीं आपला देश पोलिओमुक्त ठरला. येथपर्यंत बाईंचें म्हणणें खरें.

परंतु हा रोग मोठा कपटी आहे. विषाणु तोंडावाटे पोटांत जातो, आंतड्यांत वाढतो आणि मलावाटे बाहेर पडतो. त्याची लागण झालेल्या सुमारें दोनशें मुलांत एखादेंच पांगळें होतें. बाकीचीं अंगणांत खेळत असतात, आणि खेळतां खेळतां विषाणु वाटीत असतात! म्हणूनच मुंबईंत 2001 पासून रोग्यांबरोबर गटारांचीही तपासणी सुरू झाली. नोव्हेंबर 2010 मध्यें तेथील सांडपाण्यांत नैसर्गिक विषाणु सांपडला होता.

दहिसरचा नाका ओलांडला कीं मुंबई संपते आणि मीरा-भाईंदर लागतें; विषाणूस मात्र नाका नाहीं. 2011 च्या शिरगणतींतच या शहराची वस्ती आठ लाखांवर गेली होती. बांधकामावरील मजुराचें मूल आज येथें, तर उद्यां खाडीपलीकडे वसईस. म्हणून पथकें स्थानकांवर, झोंपड्यांतून, उत्तनच्या कोळीवाड्यांतून मुलें हुडकीत फिरतात. घरांतील सर्व मुलांना डोस मिळाला तर दारावर खडूनें 'पी', एखादें राहिलें तर 'एक्स' लिहितात. आमचा अनुभव असा कीं, झोंपडीचें दार चटकन उघडतें. अडतें तें आपल्या पांढरपेशांच्या टोलेजंग इमारतीच्या फाटकाशीं, पहारेकऱ्यापाशीं.

आतां डॉक्टरांच्या लशीविषयीं. टोंचून दिलेली लस रक्तांत प्रतिकारशक्ति निर्माण करते व मुलास पांगळेपणापासून वांचविते. आंतड्यांतील प्रतिकार मात्र तोंडावाटे दिलेल्या थेंबांनींच चांगला वाढतो, आणि विषाणूचा प्रवास तेथेंच अडतो. म्हणजे सुई मुख्यतः आपल्या मुलासाठीं, थेंब शेजारच्याही. थेंबांतील दुबळा विषाणु क्वचित् बदलून उपद्रवी होतो, हेंही लपविण्यांत अर्थ नाहीं. 2024 सालीं मेघालयांत लशीच्या विषाणूपासून उद्भवलेला एक रोगी आढळला. पण असा विषाणु फैलावतो तो बहुतेक मुलें लशीवांचून राहिलेल्या वस्तींतच. शिवाय पाकिस्तान व अफगाणिस्तान येथें नैसर्गिक विषाणूचें अजून उच्चाटन झालेलें नाहीं.

पांच वर्षांखालील प्रत्येक मूल, मग तें कालच जन्मलेलें असो वा आधीं दहादां थेंब घेतलेलें असो, या मोहिमेंत धरलेलें आहे. किरकोळ पडसें हें न देण्याचें कारण नव्हे. रविवारीं चुकलेल्यांसाठीं सोमवारपासून पथकें दारोदार येतात. तेव्हां वाचकभगिनींनीं फाटकावरील पहारेकऱ्यास आदल्या रात्रींच सांगून ठेवावें, आणि घंटा वाजली कीं बाळाच्या डाव्या हाताची करंगळी शाईसाठीं पुढें करावी.