हे असं का? : ‘तो कुठे गेला?’

मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्यात बोहाड्याच्या, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांच्या उत्सवाच्या, रात्री संबळाच्या तालावर सोंगं येतात. गणपती कोण, रावण कोण, हे मुखवटाच सांगून टाकतो. सोंग सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून नाचत येतं आणि तसंच जातं. ते पाहणाऱ्या लहान मुलाला काही प्रश्न पडत नाही. त्याच मुलाला टीव्हीवरच्या सिनेमासमोर बसवा. ‘हा वाईट आहे का?’, ‘तो कुठे गेला?’ अशा प्रश्नांनी ते घर डोक्यावर घेतं.

सिनेमा तुकडे जोडून बनतो. नायक दार लोटतो आणि पुढच्याच क्षणी रेल्वेत बसलेला दिसतो. मधला प्रवास आपण अनुभवाने मनातच भरून काढतो. दगडांवरून ओढा ओलांडताना मोठी माणसं सहज टांग टाकतात, लहानगं थबकून हात मागतं. त्याचा प्रश्न म्हणजे तो मागितलेला हात.

खरी गंमत पात्रांच्या मनाची. खलनायक दाराआड लपलाय हे मुलाला दिसतंय, मग नायकाला ठाऊक कसं नाही? दुसऱ्याची समजूत चुकीची असू शकते, हे मुलांना साधारण चार ते सहा वर्षांच्या दरम्यान उमगू लागतं, असं विमर आणि पर्नर या मानसशास्त्रज्ञांना 1983 मध्ये आढळलं. (रहस्यपटात आपणही शेजाऱ्याला विचारतोच, फक्त कुजबुजत!)

हे सगळे प्रश्न एकदा पाहून सुटत नाहीत, म्हणूनच मुलांना तोच सिनेमा पुन्हा हवा असतो. अमेरिकेत 1996 मध्ये सुरू झालेल्या ‘ब्लूज क्लूज’ या बालमालिकेचा एकच भाग आठवड्यात सलग पाच दिवस दाखवत. मुलं कंटाळत नसत. उलट उत्तरं आधीच ओरडून सांगत.