जुन्या मोटारींची शर्यत

नाशिककरांस द्राक्षांची ओळख करून द्यावयास नको. पण द्राक्षांच्या मळ्यातला एक शब्द मोटारींच्या जगात कसा जाऊन बसला, ही हकीकत पुष्कळांस नवी वाटेल. ‘व्हिंटेज’ या शब्दाचा मूळ अर्थ एका हंगामातील द्राक्षांची तोडणी आणि त्या हंगामाचे मद्य असा आहे. अमुक सालचे मद्य सरस, असे जाणकार सांगू लागले आणि पुढे हे विशेषण कोणत्याही जुन्या व नाणावलेल्या वस्तूस लागू झाले. इंग्लंडमध्ये सन १९३४ साली काही शोकिनांनी व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब स्थापन केला. सन १९३० नंतरच्या मोटारींत स्वस्ताई आली, पण जुनी कारागिरी राहिली नाही, असे त्यांचे मत होते. म्हणून सन १९१९ ते १९३० या अवधीत बनलेली मोटार तीच खरी व्हिंटेज, असे त्यांनी ठरविले. भारत सरकारचा हिशेब याहून निराळा आहे. सन २०२१ च्या नियमांप्रमाणे, पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षे उलटून गेलेले व मूळ स्वरूपात राखलेले वाहन व्हिंटेज समजले जाते.

अशा मोटारी जपाव्यात, पुसूनपासून वस्तुसंग्रहालयात मांडाव्यात, हे कोणासही पटेल. पण त्यांची शर्यत लावावी आणि ती पाहण्यास हजारो माणसांनी ओल्या गवतावर दिवसभर उभे राहावे, यात स्वारस्य ते कोणते, असा प्रश्न सुज्ञ माणसाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. वेगाचे आकर्षण म्हणावे, तर तेही पुरते खरे नव्हे. इंग्लंडात ब्रुकलँड्स येथे मोटारींच्या शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेला मार्ग सन १९०७ साली खुला झाला. त्याच वर्षी सेल्विन एज या गृहस्थाने तेथे नेपियर मोटार चोवीस तास चालवून १,५८१ मैलांचे अंतर काटले. सरासरी वेग ताशी सुमारे १०६ किलोमीटर पडला. त्या काळी हा पराक्रम होता. आज नाशिक जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर साध्या घरगुती मोटारीसही ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, आणि त्या वेगात मागच्या बाकावरची मुले खुशाल झोपलेली असतात. एजचा पराक्रम आज कोणीही विनासायास करू शकेल. तेव्हा जुन्या शर्यतीचे मर्म वेगात नसून त्या वेगासाठी पडणाऱ्या सायासात आहे, आणि हा सायास पाहणाऱ्यास उघड्या डोळ्यांनी दिसतो.

आजच्या फॉर्म्युला वन शर्यतीशी तुलना केल्यास हे चटकन ध्यानात येईल. ही शर्यत दिल्लीजवळ ग्रेटर नोइडा येथे सन २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे भरली होती. त्या मोटारींची घडण अशी असते की, वाहणारा वाराच त्यांस जमिनीवर दाबून धरतो. मोटार वळणावरून रुळावरील आगगाडीसारखी निघून जाते. चालविणारा आत रुतून बसलेला. त्याचे शिरस्त्राण तेवढे वर दिसते. त्याचे कौशल्य थोर असते यात शंका नाही, परंतु प्रेक्षकास ते अनुमानानेच जाणावे लागते. सन १९२० च्या दशकातील शर्यतीच्या मोटारीत मनुष्य उंचावर, उघड्यावर बसतो. त्याच्या हातातले चाक परातीएवढे मोठे असते, कारण जड मोटार वळविण्यास तेवढा जोर लावावा लागतो. त्याची कोपरे, खांदे, मान, ओठांची घट्ट मिटलेली रेषा, सारे काही दिसते. जुन्या काळी त्याच्या शेजारी एक यांत्रिकही बसे आणि तो काही मोटारींत हातपंपाने इंधनाचा दाब राखीत असे.

गिअर बदलणे ही तर एक स्वतंत्र कला होती. आजच्या मोटारीत दोन दंतचक्रांची गती जुळविण्याचे काम यंत्र स्वतःच करते. जुन्या मोटारीत ते चालविणाऱ्यास करावे लागे. खालचा गिअर टाकताना क्लच दाबून दांडा मधोमध आणावयाचा, क्लच सोडून इंजिनास किंचित वेग द्यावयाचा, पुन्हा क्लच दाबावयाचा आणि दोन्ही चक्रांचा वेग जुळेल त्याच क्षणी दांडा पुढे सारावयाचा. हे सारे वळण जवळ येत असता, ब्रेक दाबलेला असता आणि दुसरी मोटार कडेला भिडलेली असता साधावयाचे असते. क्षण चुकला की दात दातांवर घासून असा कर्कश आवाज निघतो की, कुंपणापलीकडच्या प्रेक्षकाच्याही अंगावर शहारा यावा. क्षण साधला तर इंजिनाचा एक हुंकार तेवढा ऐकू येतो. तबलजी नेमका समेवर आला म्हणजे बैठकीतल्या माना जशा डोलतात, तशाच माना तेथेही डोलतात.

वळणावरचा देखावा याहून रंगतदार. जुन्या मोटारींच्या धावा अरुंद असतात आणि त्यांची जमिनीवरची पकड एकदम सुटत नाही, हळूहळू सुटते. त्यामुळे मोटार वळणात शिरली की तिचा मागचा भाग बाहेर सरकू लागतो. चालविणारा चाक उलट दिशेस फिरवून तिला सावरतो. मोटार तिरकी धावत असते, पुढची चाके एकीकडे पाहत असतात आणि ती स्वतः दुसरीकडे जात असते. पडणे आणि तोल राखणे यांच्या मधल्या रेषेवर तिचे चालणे असते. दोरीवर चालणाऱ्या डोंबाऱ्याकडे पाहताना जमाव ज्या कारणाने श्वास रोखून धरतो, तेच कारण येथेही आहे.

कानांना आणि नाकालाही येथे वाटा मिळतो. शर्यतीच्या इंजिनांत पूर्वी वंगण म्हणून एरंडेल वापरीत, कारण अतिशय उष्णतेतही ते आपला चिकटपणा राखते. कॅस्ट्रॉल हे प्रसिद्ध नावही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच पडलेले आहे. आजही जुन्या मोटारींच्या मेळ्यात त्या जळक्या एरंडेलाचा गोडसर वास दरवळतो. ज्या एरंडेलाच्या नावाने घराघरांतील मुले तोंड वाकडे करतात, त्याच्या वासाने विलायतेत प्रौढ माणसे हर्षित होतात, ही मौज खरी.

या शर्यतींत सगळ्या मोटारी एका मापाच्या नसतात, हेही त्यांचे एक वैशिष्ट्य. सन १९२२ मध्ये निघालेल्या चिमुकल्या ऑस्टिन सेव्हनचे इंजिन अवघे ७४७ सीसीचे होते. उलट सन १९३३ मध्ये जॉन कॉब यांच्यासाठी बनविलेल्या नेपियर-रेल्टन मोटारीत २४ लिटरांचे विमानाचे इंजिन बसविलेले आहे. फियाट कंपनीने सन १९११ मध्ये एस ७६ नावाची मोटार केली, तिच्या चार सिलिंडरांची एकूण क्षमता २८ लिटरांहून अधिक. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे इंजिन १,०८९ सीसीचे. म्हणजे त्याच घराण्याची ही आजी नातीहून पंचवीसपटींनी भारी. कित्येक दशके मुकी असलेली ही मोटार डंकन पिटवे या इंग्रज गृहस्थाने पुन्हा जुळविली आणि सन २०१५ मध्ये ती गुडवुड येथे ज्वाळा ओकीत धावली.

लहानमोठ्यांची बरोबरी साधण्यास जुनी युक्ती आहे. दुबळ्या मोटारीस आधी सोडावयाचे, बलाढ्य मोटारीस मागाहून. ब्रुकलँड्सने ही रीत घोड्यांच्या शर्यतीवरून घेतली आणि व्हिंटेज क्लबाच्या काही शर्यतींत ती अजून चालते. त्यामुळे शेवटच्या फेरीत लहान मोटार जिवाच्या आकांताने पुढे आणि मोठी गर्जत मागे, असा पाठलाग पाहावयास मिळतो. दुसरा प्रकार टेकडी चढण्याचा. शेल्सली वॉल्श येथे सन १९०५ पासून ही स्पर्धा होत आली आहे. सुमारे हजार यार्डांचा चढ, एका वेळी एकच मोटार, आणि हाती सेकंदांचे घड्याळ. पुणे जिल्ह्यातील बैलगाडा शर्यत ज्याने पाहिली आहे, त्यास हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. तेथेही धावण्याच्या चढाला ‘घाट’च म्हणतात, तेथेही गाडे एकेक सुटतात आणि निकाल सेकंदांवर लागतो.

मात्र या साम्याबरोबर एक भेदही सांगितला पाहिजे. बैलगाडा शर्यतीवर सर्वोच्च न्यायालयाने सन २०१४ मध्ये बंदी घातली ती मुक्या जनावराच्या यातनेमुळे. पुढे अटींसह सन २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि सन २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरला. यंत्रास यातना नाहीत, म्हणून मोटारींची शर्यत निर्दोष, असे मात्र कोणी समजू नये. इटलीत ब्रेशा ते रोम व परत अशी सुमारे हजार मैलांची ‘मिले मिलिया’ शर्यत सन १९२७ पासून सार्वजनिक रस्त्यांवर होत असे. सन १९५५ मध्ये स्टर्लिंग मॉस यांनी ती दहा तास सात मिनिटांत जिंकली. शेजारी बसलेले डेनिस जेंकिन्सन कागदाच्या गुंडाळीवर टिपलेली वळणे हातांच्या खुणांनी सांगत होते. या विक्रमाची गोडी अजून सांगितली जाते. पण दोनच वर्षांनी, सन १९५७ मध्ये, दे पोर्तागो यांच्या फेरारीचा टायर गुइदिझ्झोलो गावाजवळ फुटला. ते स्वतः, त्यांचा सोबती आणि रस्त्याकडेला उभे असलेले नऊ प्रेक्षक ठार झाले. त्या नऊंत पाच मुले होती. शर्यत तेथेच संपली. सन १९७७ पासून ती जुन्या मोटारींसाठी पुन्हा सुरू झाली, परंतु आता तेथे वेगाची नव्हे, वेळ नेमकी पाळण्याची परीक्षा असते. पाहणाऱ्याचा आनंद निष्पाप राहावयाचा असेल, तर तो कोणाच्या प्राणावर उभा राहता कामा नये, हे शहाणपण मोठ्या किमतीने आले.

दुसरा आक्षेप राखणाऱ्यांचा आहे. जगात एकच उरलेली मोटार धावडवून मोडली, तर ते पातक नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे. त्यास उत्तर मिरजेच्या तंबोऱ्यात सापडेल. चांगला तंबोरा काचेच्या कपाटात ठेवला, तर भोपळा आणि दांडी शाबूत राहतील. पण जवारी लावणारा हात आणि ती ओळखणारा कान हे कपाटात ठेवता येत नाहीत. तंबोरा वाजत राहिला, तारा तुटल्या, घोडी बदलली, तरच ते दोघे जिवंत राहतात. मोटारीचेही तसेच. शर्यतीत दट्ट्या फुटतो, म्हणून दट्ट्या ओतणारा कारागीर टिकतो. चाकाच्या आऱ्या वाकतात, म्हणून त्या ताणणारा टिकतो. शर्यतीमुळे मोटारीबरोबर मोटारीची विद्याही राखली जाते, आणि प्रेक्षक कुंपणाशी उभा राहून पाहतो ती खरोखर ही विद्याच होय.

हा विचार महाराष्ट्रास दूरचा नाही. वालचंद हिराचंद यांनी सन १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या त्या कारखान्यातून निघालेल्या फियाट मोटारी मुंबईच्या रस्त्यांवर भाड्याने धावल्या, आणि मद्रासजवळच्या शोलावरम येथील युद्धकाळातील विमानतळावर शर्यतींतही धावल्या. नाशिकही आज मोटारी घडविणारे शहर आहे. महिंद्रांची स्कॉर्पिओ येथेच आकारास आली. तरी पद्मिनी जातीची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली, तेव्हा तिच्याबरोबर आणखीही काही उतरणीस लागले. कानाने कार्ब्युरेटर लावणारा, बॉनेटवर हात ठेवून दुखणे ओळखणारा मिस्त्री आता म्हातारा होत चालला आहे. त्याच्या विद्येचे पुस्तक नाही.

दिल्लीत स्टेट्समन वृत्तपत्राची जुन्या मोटारींची रॅली सन १९६४ पासून होत आली आहे, आणि मुंबईतही अशा मोटारींच्या फेऱ्या निघतात. या शर्यती नव्हेत. सन २०२१ च्या नियमांनीही व्हिंटेज वाहनास रस्त्यावर येण्याची मोकळीक प्रदर्शन, रॅली व दुरुस्ती अशा मोजक्याच कारणांसाठी ठेवली आहे. परंतु विद्या जगविण्यास तेवढेही थोडे नाही. अशी फेरी पाहण्याचा योग आल्यास सुज्ञ प्रेक्षकाने रंग आणि चकाकी पाहून परतू नये. जेथे रस्त्यास चढ लागतो, तेथे जाऊन उभे राहावे. म्हातारी मोटार चढाशी येईल, चालविणाऱ्याचा हात दांड्याकडे जाईल, इंजिन क्षणभर हुंकारेल. तो हुंकार स्वच्छ उमटला, तर समजावे की कोठेतरी एक मिस्त्री अजून कामावर आहे आणि त्याच्याजवळ एखादा मुलगा शिकत आहे.